परवानगी कोणी दिली?

१

हौसाबाई भोईर बुधवारी दुपारी स्वयंपाकघरात मेलेल्या सापडल्या, आणि दिवस मावळायच्या आत कोन गावाने त्यांचा खुनीही शोधून काढला. पोलिसांसाठी फक्त त्याला उचलून न्यायचं काम शिल्लक ठेवलं होतं.

गावाने पुढे केलेला माणूस म्हणजे कान्हा वाघमारे. कातकरी. गावाबाहेर वाडीत राहायचा आणि हौसाबाईंच्या परसातली भाजी, नारळ, शेताचे बांध सगळं बघायचा. त्या सकाळी तो त्यांच्या मागच्या दाराकडून जाताना दोघातिघांना दिसला होता. दुपारी ओरडा झाला तशी माणसं वाडीवर धावली, आणि ती येताना बघून कान्हा पळाला. पळाला म्हणजे केलंच असणार, असा निवाडा तिथल्या तिथे झाला. उपनिरीक्षक रंजिता घरत पोचली तेव्हा त्याला आंब्याला बांधलेलं होतं आणि त्याचा एक डोळा सुजून पार मिटला होता.

हौसाबाईंच्या डोक्याला मागून मार होता. स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला रक्त वाळलं होतं. हातातल्या सोन्याच्या पाटल्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी मरणाची वेळ ढोबळच सांगितली. त्यांच्या अंदाजात मंगळवारची संध्याकाळही बसत होती आणि बुधवारची सकाळही. पण ती अडचण हौसाबाईंच्या पुतण्याने, हरेशने, दारातच दूर केली. त्याने आपला मोबाइल रंजितापुढे धरला. भोईरांच्या घरच्या ग्रुपवर बुधवारी सकाळी रोजच्यासारखा मेसेज आला होता: ‘हौसाआई उठल्या आहेत.’

हा मेसेज माणूस पाठवत नसे, ‘सोबत’ नावाचं अ‍ॅप पाठवायचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये ते घालून देतात. माणूस सकाळी उठून फोन हातात घेतो, अ‍ॅपला ते कळतं, आणि मुलाबाळांना निरोप जातो. कोन आणि विचुंबे भागात अर्ध्याअधिक घरांत ते होतं, कारण मुलं बाहेर आणि आईबाप इथे, अशीच बहुतेक घरं.

म्हणजे हौसाबाई बुधवारी सकाळी जिवंत होत्या. त्यानंतर त्या घराकडे फिरकला तो एकटा कान्हा. रंजिताच्या साहेबांनी कागद बघितले आणि खूश झाले. सोमवारी त्याला पुन्हा कोर्टापुढे उभं करायचं आणि मोकळं व्हायचं.

रंजिताला मात्र मोकळं वाटेना. ती स्वतः उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातली. कातकऱ्याच्या माथी एकदा खून लागला की पुढे काय होतं ते तिने लहानपणापासून बघितलं होतं. जामिनाला कोणी उभं राहत नाही, वकील चेहरासुद्धा ओळखत नाही, आणि खटला उभा राहीपर्यंत माणूस आत म्हातारा होतो. खरा खुनी असला तर ठीक. नसला तर?

पोलीस ठाण्याच्या दारात कान्हाची बायको गंगू बसून होती. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. रंजिताने विचारलं, तेव्हा ती खाली बघत बोलली.

“हौसाआय आमच्या झोपडीखालची जागा आमच्या नावावर करायची बोलली व्हती. गुरुवारी कचेरीत जायचं व्हतं. ताई, जी आमाला जागा देनार, तिला बुधवारी आमी कशाला मारू?”

२

कान्हाची जबानी चार वाक्यांत संपली. गुरुवारी किती वाजता निघायचं हे विचारायला तो गेला होता. मागच्या दाराला आतून कडी होती. हाका मारल्या, आवाज आला नाही, देवळात गेली असेल म्हणून तो परत फिरला. पळालास का, असं विचारल्यावर त्याने एका डोळ्याने रंजिताकडे बघितलं. “मानसं धावत आली की आमी पळतो, ताई,” तो म्हणाला.

हरेश भोईर याच्या अगदी उलट. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याचा गाळा होता. बोलणं जपून, कपडे पांढरे, आल्यागेल्याला पाणी विचारणारा. काकीच्या घरात येणाऱ्याजाणाऱ्यांची व्यवस्था तोच बघत होता. बुधवारी सकाळपासून तो गाळ्यावर होता. सळया उतरवून घेत होता आणि डझनभर हमाल साक्षीला होते. शेजारच्या भामाबाईंचा फोन आला तसा तो गाडी काढून आला.

जागेचं विचारलं तेव्हा त्याने नाकारलं नाही. काकी तसं म्हणत होती खरं, पण ते होणार नव्हतं, असं त्याचं म्हणणं.

“मॅडम, आमची काकी कशावर अंगठा लावायचीच नाही. रेशनवर नाही, बँकेत नाही. पेन्शनवाला यायचा तर त्यालाही परत पाठवायची. जे वाचता येत नाही त्याला ती हात लावायची नाही. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. त्या कान्हाला तिने आशा लावली आणि बुधवारी नाही म्हणाली असणार. मग त्याचं डोकं फिरलं.”

बोलणं पटण्यासारखं होतं. गंगूने दिलेला एकुलता एक आधार हरेशने अलगद काढून घेतला आणि त्याचाच हेतू करून ठेवला. रंजिताने ते लिहून घेतलं. इतका समंजस नातेवाईक तिने बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता, आणि नेमकं तेच तिला खटकत होतं.

पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे. मेसेज बुधवारी सकाळी आला, तेव्हा हरेश कळंबोलीत डझनभर माणसांत उभा होता. त्या एका ओळीने त्याला मोकळं केलं होतं आणि कान्हाला अडकवलं होतं. मग रंजिताने ठरवलं की माणसांची चौकशी पुरे, आता त्या ओळीचीच करायची.

३

हौसाबाईंची एकुलती एक मुलगी सुनिता नाशिकला असायची. ती आल्यापासून आईच्या खोलीत बसून होती. रडून झालं होतं आणि आता नुसतीच भिंतीकडे बघत होती. आईशी शेवटचं बोलणं कधी झालं, एवढंच रंजिताने विचारलं.

सोमवारी, ती म्हणाली. मंगळवारी संध्याकाळी रोजच्यासारखा फोन लावला, तर बंद. मंगळवारची इकडे बऱ्याचदा लाईट जाते, त्यामुळे बॅटरी उतरली असेल असं तिला वाटलं. तरी चैन पडेना. शेजारी फोन करावा असं मनात आलं, पण उगाच कोणाला त्रास म्हणून केला नाही. सकाळी मेसेज आला आणि हायसं वाटलं.

“आधी मी रोज सकाळी फोन करायचे,” सुनिता म्हणाली. “ते अ‍ॅप आलं आणि सोडलं. मेसेज येतोच की, मग कशाला? बुधवारी पण आला. मी त्याखाली जोडलेले हात टाकले आणि डबा भरायला घेतला.”

रंजिता थोडा वेळ तिच्याजवळ बसून राहिली.

अ‍ॅप बनवणारा प्रणित नवीन पनवेलला एका दुकानाच्या माळ्यावर ऑफिस थाटून बसला होता. तिशीतला पोरगा, हुशार आणि आपल्या हुशारीवर खूश. भिंतीवर त्याचे सत्काराचे फोटो होते. त्याने रंजिताला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. फोन आतल्या आत प्रत्येक गोष्टीची नोंद करत असतो. स्क्रीन उजळली, चार्जर काढला, कोणी बोट लावलं. त्या नोंदींना सिस्टीम लॉग म्हणतात. ‘सोबत’ त्या नोंदी वाचतं आणि माणूस उठलाय की नाही ते ओळखतं. संध्याकाळी फोन बंद असला तर ते गप्प राहतं, म्हातारी माणसं लवकर झोपतात म्हणून. सकाळी हालचाल दिसली नाही तर मात्र घरच्यांना इशारा जातो.

मेसेज खोटा असू शकतो का, असं रंजिताने विचारलं. शक्यच नाही, तो म्हणाला. त्या सकाळी तो फोन कोणीतरी खरोखर हाताळला होता. त्याच्याकडे तशी नोंद होती.

“आणि तुमचं अ‍ॅप कधी आंधळं होतं का? फोनच्या नोंदी त्याला दिसत नाहीत, असं कधी होतं?”

“नाही,” प्रणित म्हणाला. “कधीच नाही.”

उत्तर प्रश्न संपायच्या आत आलं होतं, आणि उत्तर देताना त्याने दाराकडे बघितलं होतं.

४

भामाबाईंचं घर हौसाबाईंच्या घराला लागूनच. नवरा तुळशीराम गावातला वजनदार माणूस. कान्हाला आंब्याला बांधायचा हुकूम त्याचाच. तो ओट्यावर बसून राहिला आणि पोलिसांशी फारसं बोलला नाही. भामाबाई मात्र बोलायला बसल्या की थांबणाऱ्या नव्हत्या, आणि त्या दिवशी रंजिताला तेच हवं होतं.

बुधवारी दुपारी त्या सुकी मच्छी द्यायला गेल्या. पुढचं दार नुसतं लोटलेलं. आत जाऊन बघतात तर हौसाबाई खाली पडलेल्या. त्यांनी अंगाला हात लावला, अंग थंडगार. सुनिताला कळवायचं म्हणून त्या हौसाबाईंचा फोन घ्यायला वळल्या. तो कायम खिडकीत चार्जरला लावलेला असायचा.

“आनि फोन नव्हता,” भामाबाई म्हणाल्या. “वायर लोंबत व्हती नुसती. मी घरी पलत आले नि माज्या फोनवरून सुनिताला नि हरेशला केला. मंग पोलीस आले तवा बघते तं फोन खिडकीतच. मना वाटलं, घाबरले म्हनून दिसला नसंल.”

मंगळवारी संध्याकाळी लाईट गेली होती का, हे रंजिताने जाता जाता विचारलं. त्या मंगळवारी गेलीच नाही, भामाबाई म्हणाल्या. सगळ्यांनी मिळून टीव्ही बघितला. मग हौसाबाईंचा फोन बंद का होता? रंजिताने मनाशी तेवढंच टिपून घेतलं.

हौसाबाई अंगठा लावत नसत, हे खरं का, असंही तिने विचारलं. भामाबाईंनी आधी ओट्यावरच्या नवऱ्याकडे बघितलं आणि मग आवाज खाली आणला. तरुणपणीची गोष्ट. नवरा गेल्यावर दिराने रेशनकार्डासाठी म्हणून एका कागदावर तिचा अंगठा घेतला. ते रेशनकार्ड नव्हतं. खाडीकाठच्या खाजणाकडची तिच्या वाट्याची सगळी जमीन त्या अंगठ्याने गेली. तेव्हापासून बाईने कशाला अंगठा लावला नाही.

“मग कान्हाला जागा कशी देणार होती?”

“त्याच्यासाठी लावनार व्हती. मना बोलली, भामा, इतक्या वरसांनी आंगठा लावनार हाय, पन या वेळी मना ठाऊक हाय कशाला.”

एवढ्यात त्यांची मुलगी अंकिता चहा घेऊन आली. ती पनवेलला एका दवाखान्यात कामाला होती आणि हौसाबाईंची लाडकी. सोमवारपासून ती उरणला मामाकडे गेली होती. बातमी कळली तशी आली. आजीचा फोन तीच सांभाळायची. रंजिताने सहज विचारलं, फोन सांभाळायचा म्हणजे काय करायचं?

चार्जिंग, रिचार्ज आणि ती चौकट, अंकिता म्हणाली. फोन बंद होऊन परत चालू झाला की अ‍ॅप उघडावं लागायचं. उघडलं की इंग्रजीत चौकट यायची, या अ‍ॅपला फोनच्या सगळ्या नोंदी बघू द्यायच्या का, म्हणून. खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नको’. ‘हो’ दाबेपर्यंत अ‍ॅप काही करायचं नाही. आजी ते कधी दाबायची नाही. “हे पन आंगठा लावल्यासारकंच हाय,” म्हणायची. फोन उलटा करून ठेवायची आणि अंकिताची वाट बघायची.

“बरं झालं, मी दोन दिवस नव्हते तेव्हा फोन बंद पडला नाही,” अंकिता म्हणाली. “नाहीतर बुधवारी मेसेजच आला नसता.”

रंजिताने चहाचा कप खाली ठेवला. मंगळवारी संध्याकाळी फोन बंद होता. ही गोष्ट सुनिताने तिला स्वतः सांगितली होती.

५

दुसऱ्या खेपेला प्रणितने खुर्ची दिली नाही. दारात रंजिताला बघून तोच खाली बसला. तिने अंकिताचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, मला खोटं का सांगितलंत?

मग तो बोलला. फोनवाल्यांनी नवीन नियम आणले तेव्हापासूनचं हे दुखणं होतं. सिस्टीम लॉग म्हणजे फोनची सगळी गुपितं. म्हणून फोन कोणत्याही अ‍ॅपला ती कायमची दाखवत नाही. एकदा दिलेली परवानगी फोन रीस्टार्ट झाला की जाते. परत कोणीतरी माणसाने अ‍ॅप उघडून ‘हो’ दाबायचं. तोवर ‘सोबत’ आंधळं. वर पडद्यावर हिरवी खूण मात्र तशीच राहते, कारण ती काढली तर लोक घाबरून अ‍ॅपच काढतील असं त्याला वाटलं. शेकडो घरांना त्याने सांगून ठेवलं होतं की हे कधी चुकत नाही. ते चुकतं, हे पोलिसांच्या कागदावर गेलं की त्याचा धंदा बसला असता.

“एक माणूस आत बसलाय तुमच्या मेसेजवर,” रंजिता म्हणाली. “धंद्याचं नंतर बघा.”

त्याने मुकाट्याने कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. अ‍ॅपला परवानगी मिळाली की त्याची खूण प्रणितकडे उमटायची. हौसाबाईंचा फोन मंगळवारी संध्याकाळी बंद झाला होता, बॅटरी भरपूर असताना. म्हणजे कोणीतरी बटण दाबून केला होता. बुधवारी सकाळी तो चालू झाला. लगेच अ‍ॅप उघडलं गेलं. चौकट आली. परवानगी दिली गेली. मग मेसेज गेला.

रंजिताने त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. कोडं आता सुटसुटीत झालं होतं. हौसाबाईंनी फोन चालू केला असता तर चौकट पाहून तो उलटा ठेवला असता आणि मेसेज आला नसता. मेसेज आला, म्हणजे ‘हो’ दुसऱ्या कोणी दाबलं. आणि दुसऱ्या कोणाला ते दाबावं लागलं, याचा अर्थ त्या वेळी हौसाबाई कोणाशी काही बोलायच्या अवस्थेत नव्हत्या. त्या मंगळवारीच गेल्या होत्या.

राहिला प्रश्न कोणी दाबलं याचा. कान्हाला ते अ‍ॅप म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे फोनच नव्हता. प्रणितला खोटा मेसेज पाठवायचा असता तर त्या फोनला हात लावायची गरज नव्हती. तो त्याने याच खुर्चीतून पाठवला असता. अंकिता उरणला होती, मामाच्या घरच्या हळदीत, सगळ्या पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर.

“चौकटीचं आणखी कोणाला माहीत होतं?” तिने अंकिताला फोन करून विचारलं.

अंकिताला आठवायला वेळ लागला नाही. गणपतीत ती बाहेरगावी गेली होती, तेव्हा आजीचा फोन बंद पडला होता. आजी तिच्याकडूनच दाबून घ्यायचा हट्ट धरून बसली. शेवटी अंकिताने व्हिडिओ कॉलवर दाखवून दुसऱ्या एकाला शिकवलं, कुठे दाबायचं ते. त्याने ते आजीच्या नकळत दाबून टाकलं होतं.

“हरेशदादाला,” ती म्हणाली.

६

कळंबोलीच्या गाळ्यात सळयांचा आवाज एवढा होता की दोघांना आतल्या खोलीत बसावं लागलं. हरेशने पाणी मागवलं. रंजिताने ते घेतलं नाही. बुधवारी सकाळी हौसाबाईंचा फोन कोनला नव्हता, कळंबोलीला होता, असा मोबाइल कंपनीचा कागद तिच्या पिशवीत होता. तो सकाळीच आला होता. तिने तो काढला नाही. तिला हरेशच्या तोंडून ऐकायचं होतं.

तिने विचारलं, मंगळवारी काकीचा फोन बंद होता, हे तुम्हाला माहीत होतं? तो म्हणाला, असेल, लाईट गेली असेल. ती म्हणाली, लाईट गेली नव्हती. तो म्हणाला, मग काकीच्या हातून चुकून बंद झाला असेल, आणि सकाळी तिनेच चालू केला असेल.

“आणि अ‍ॅपची चौकट? त्यावर ‘हो’ कोणी दाबलं?”

“काकीने. दुसरं कोण? मेसेज आला की.”

“हरेशभाऊ, पहिल्याच दिवशी तुम्ही मला सांगितलंत, काकी कशावर अंगठा लावायची नाही. अख्ख्या गावाला ठाऊक आहे म्हणालात. गणपतीत तुम्ही तिच्या नकळत ती चौकट दाबली होती, कारण ती दाबत नव्हती. मग बुधवारी दाबली?”

बाहेर सळया पडल्याचा आवाज झाला आणि हरेशने दचकून मान वर केली.

मग रंजिताने शांतपणे पुढचं मांडलं. मंगळवारी संध्याकाळी तुम्ही गेलात. गुरुवारच्या अंगठ्यावरून वाद झाला. काकी पडली. तुम्ही पाटल्या काढल्यात, म्हणजे चोर आल्यासारखं दिसेल. फोन उचललात आणि बंद केलात, कारण सुनिताचा फोन यायची वेळ झाली होती आणि तो तुमच्या खिशात वाजून चालणार नव्हता. सकाळी इथे, डझनभर माणसांच्या मधे, तो चालू केलात. अ‍ॅपला परवानगी दिलीत. काकी तुमच्या खिशात जिवंत झाली. दुपारी गर्दीत फोन खिडकीत ठेवलात. पण तो तिथे नव्हता, हे त्याआधी भामाबाईंनी बघितलं होतं.

“ढकललं नाही मी तिला,” हरेश म्हणाला. “हात धरला होता. म्हटलं, कातकऱ्याला कशाला, आपल्याच घरात राहू दे. तिने हात झटकला. म्हणाली, तुझ्या बापाने माझा अंगठा घेतला, तू घ्यायला येऊ नको. मी पण झटकला.”

“कागदावर अंगठा घेणारा दीर म्हणजे तुमचे वडील?”

त्याने मान हलवली.

“पडल्यावर ती जिवंत होती?”

तो म्हणाला, डोळे उघडे होते. फोनकडे बघत होती. रंजिता उठली आणि तिने बाहेर उभ्या शिपायाला हाक मारली. पाटल्या त्याच गाळ्यात, वजनकाट्याच्या खालच्या खोबणीत सापडल्या.

७

सुनिताला सांगायचं काम साहेबांनी रंजितावरच टाकलं. तिने काही लपवलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्या संध्याकाळी कोणी दवाखान्यात नेलं असतं तर हौसाबाई वाचायची शक्यता होती. तेही तिने सांगितलं. सुनिताने सगळं ऐकून घेतलं. मग तिने मोबाइल उघडला, बुधवारचा तो मेसेज काढला आणि त्याखाली आपणच टाकलेले जोडलेले हात बघितले.

“म्हणजे हे मी हरेशला टाकले,” ती म्हणाली.

रंजिताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. थोड्या वेळाने सुनिता उठली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली की आई ज्या कचेरीत जाणार होती तिथे ती उद्या जाणार आहे. कान्हाच्या झोपडीखालची जागा आता तिच्या हातात होती आणि ती तिला ठेवायची नव्हती.

कान्हाला सोडायचा कागद सोमवारी झाला. साहेब म्हणाले, जा म्हणावं घरी. रंजिताने मात्र त्याला आणि गंगूला जीपमध्ये बसवून कोनला नेलं, भर उन्हाच्या वेळी, गाव जागं असताना. तुळशीरामच्या ओट्यावर पाचसहा माणसं बसली होती. बहुतेक सगळी त्या दुपारी आंब्यापाशी हजर होती. जीप तिथेच थांबवून रंजिता खाली उतरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. कान्हा वाघमारेने काही केलेलं नाही. खून हरेश भोईरने केला. कान्हाला ज्यांनी बांधलं आणि मारलं त्यांची नावं तिच्याकडे होती, आणि कान्हा म्हणेल तेव्हा ती तक्रार लिहून घेणार होती.

एकाने उगाच चपला शोधल्या. हरेशचं नाव ऐकून तुळशीराम खाली बघत होता. मग त्याने घसा साफ केला आणि झालेलं सगळं एका वाक्यात मिटवायला निघाला.

“चूक झाली, कान्हा, मानसाच्या हातून व्हते. उद्या भात झोडायला घेतलंय. येशील ना?”

कान्हाचा डोळा अजून पुरता उघडत नव्हता. तुळशीरामच्या शेतावर तो पोरवयापासून राबला होता, आणि बोलावलं की “येतो” याखेरीज दुसरं उत्तर त्याने कधी दिलं नव्हतं. गंगूने त्याच्याकडे बघितलं.

“नाय,” कान्हा म्हणाला.

तुळशीरामला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याने परत विचारलं. कान्हाने परत तेच सांगितलं, आवाज न चढवता. मग तो आणि गंगू वाडीच्या वाटेला लागले.